डावीकडून न आलेली घंटी

१

सिनेमा सुरू होऊन अकरा मिनिटं झाली, पडद्यावरची आई बोलायला लागली आणि तिचा आवाज फुटला. मागे छापखान्याची यंत्रं धडधडत होती आणि प्रत्येक धडधडीबरोबर तिचा एकेक शब्द जुन्या चादरीसारखा टरटर फाटत होता. हॉलमध्ये चाळीसेक माणसं बसली होती, बहुतेक तिच्या नात्यातलीच. ती जाऊन दोन महिने झाले होते, आणि तिचा आवाज पुन्हा एकदा ऐकायला म्हणूनच ही सगळी शनिवारी सकाळी वेळ काढून आली होती.

सिनेमा तिच्या मुलाने काढलेला, दिग्दर्शक तोच. आईने तीस वर्षं छापखान्यात काम केलं, त्यावरचा पाऊण तासाचा माहितीपट. त्यातला आवाज बांधला होता मी, माझ्या स्टुडिओत. अठ्ठावीस वर्षं हाच माझा धंदा आहे. बोलणं, पावलं, यंत्रं, वारा, यांतलं काय कुठल्या स्पीकरमधून किती यायचं ते मी ठरवतो. मोठ्या थिएटरसाठी आवाजाच्या सहा वाटा असतात. समोर तीन, मागे दोन आणि एक नुसत्या खोल धडधडीची. या हॉलमध्ये मात्र स्पीकर दोनच, म्हणून सहा वाटांचा आवाज दोन वाटांत ओतावा लागला होता. ते ओतण्याचं काम माझ्या सहायिकेचं.

तिला स्टुडिओत सगळे हळूबाई म्हणतात, कारण ती बोलते ते शेजारच्यालाही वाकून ऐकावं लागतं. नऊ वर्षं माझ्याकडे आहे.

दिवे लागले. मी ताडकन उठलो. माझा राग नाकावर असतो हे मला माहीत आहे, पण त्या दिवशी तो नाकावरून खाली उतरून सगळ्या हॉलभर फिरला. सहाचे दोन करताना आवाज एकावर एक चढतात, तेव्हा पातळी खाली आणायची असते, हे शाळकरी पोरालाही कळतं, असं मी तिला सगळ्यांसमोर ऐकवलं. ती पुढे आली. हातातला एक पिवळा कागद पुढे करून म्हणाली, "सर, हे एकदा बघता का?"

लेखी सबबी मला चालत नाहीत. मी तो कागद हिसकावला, न बघताच कोटाच्या खिशात कोंबला आणि म्हणालो, "आधी कान तपासून घे. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

तिने पर्स उचलली आणि चाळीस माणसांच्या मधून निघून गेली. दिग्दर्शक म्हणाला की तिचं नाव श्रेयनामावलीतून काढा आणि आमच्या संघटनेला तसं पत्रही द्या. सोमवारी देतो म्हणालो. आमच्या धंद्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. असं पत्र एकदा गेलं की त्या माणसाला पुन्हा कुठला स्टुडिओ दारात उभं करत नाही. हे ठाऊक असूनही मी हो म्हणालो.

बाहेर पडताना दारात माझी आत्या उभी होती. अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारलं, "अरे, ती बाई बोलली कधी? मला तर नुसती तोंड हलवताना दिसली."

२

आत्याचा उजवा कान तापात गेला, त्याला चाळीस वर्षं झाली. उरलेल्या डाव्या कानावर तिने रेडिओच्या नियंत्रण कक्षात पुढची सगळी नोकरी काढली. आता बहात्तर वर्षांची आहे आणि अकरा वर्षांपासून आमच्याकडेच वरच्या खोलीत राहते. स्वतःला ऐकू यावं म्हणून मोठ्याने बोलते, लोक वळून बघतात आणि मला ओशाळल्यासारखं होतं. म्हणून एवढ्या वर्षांत तिला मी एकदाही स्टुडिओत नेलं नव्हतं. सिनेमालाही तिला बायकोने आणलं होतं, मी नाही. डाव्या भिंतीला लागून बसली होती. तिला ऐकू आलं नाही यात काय नवल, असं म्हणून मी तो विषय सोडून दिला.

दुपारी पत्र लिहायला बसलो तर आत्या मागे येऊन उभी. मागून वाचायची तिला सवयच आहे. वाचून झाल्यावर म्हणाली, "नऊ वर्षं जिचं काम तुला चाललं, तिचे कान एका आठवड्यात गेले?"

मी म्हटलं, तुला यातलं कळत नाही. ती चपला घालून दाराशी जाऊन उभी राहिली. एकदा चपला घातल्या की आत्या त्या काढत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. आधी मी हळूबाईला फोन लावून पाहिला. उचलला नाही. गुन्हेगार फोन उचलत नाहीत, असं मी मनात म्हणालो.

स्टुडिओत मी आत्याला आधी मूळ आवाज सहा स्पीकरवर ऐकवला. काचेसारखा स्वच्छ. म्हणजे मुळात दोष नव्हता. मग हॉलमध्ये लावलेली दोन वाटांची फाइल लावली. बाई बोलली आणि फाटली. आवाज एवढा कमी कर की जेमतेम ऐकू येईल, असं आत्या म्हणाली. केला. फाटलेला आवाज हळू झाला, पण फाटलेलाच राहिला.

"मग हॉलचा दोष नाही," ती म्हणाली. "त्याचे स्पीकर ताणले म्हणून फाटत असतं, तर इथे हळू लावल्यावर नीट आलं असतं. घाव फाइलीतच आहे."

मी म्हटलं, तेच तर मी म्हणतोय, पोरीने पातळी कमी केली नाही. संगणकात बघितलं तर तिने केली होती. एकदा नाही, तीनदा, तीन वेगवेगळ्या प्रती करून. तिन्ही फुटक्या.

आत्याने हेडफोन मागितला. डोळे मिटून डाव्या कानाने ऐकलं. मग हेडफोन काढला, उलटा करून पुन्हा घातला आणि तोच तुकडा परत लावायला सांगितला. आपण दोन कानांची माणसं असं कधी करत नाही. तिला दोन्ही बाजू ऐकायच्या तर दोनदा ऐकावंच लागतं.

हेडफोन गळ्यात घेऊन ती माझ्याकडे बघत राहिली. "उजव्या बाजूला बाई आहे आणि तिच्या डोक्यावर यंत्राची धडधड आहे," ती म्हणाली. "डाव्या बाजूला बाई नाहीच."

३

हॉलच्या ऑपरेटरला भेटायला मी आत्याला घेऊन गेलो ते नाक मुठीत धरून, कारण सकाळी बोलण्याच्या ओघात त्यालाही दोन शब्द ऐकवले होते. तो फुगूनच बसला होता. आवाज फुटायला लागल्याबरोबर मी अर्ध्यावर आणला होता, तुम्ही बघितलं नाहीत, असं त्याने सुनावलं. मग आत्याने त्याला नीट विचारलं, तेव्हा त्याने आणखी एक सांगितलं. उजवीकडची माणसं कानांवर हात ठेवत होती आणि त्याच वेळी डावीकडची माणसं मागे वळून आवाज वाढवा म्हणून खुणावत होती. सोळा वर्षांत एकाच सिनेमाला दोन्ही तक्रारी एकदम कधी आल्या नाहीत म्हणाला.

दिग्दर्शकाकडे गेलो तर तो पेटलेलाच होता. म्हणाला, आवाज फाटला ते फाटला, पण माझी घंटी का काढली?

घंटी म्हणजे सिनेमातली सर्वांत जिव्हाळ्याची जागा. आई बोलता बोलता थांबते, मान वळवून मागे बघते आणि हसते, कारण संध्याकाळी तिला न्यायला आलेल्या नवऱ्याच्या सायकलची घंटी वाजलेली असते. हॉलमध्ये ती घंटी वाजलीच नाही. आई उगाचच मागे बघून हसली. सगळ्यांना वाटलं, म्हातारीला भास झाला.

"माझ्या बापाची घंटी होती ती," दिग्दर्शक म्हणाला. "आपोआप जाईल का? तिने मुद्दाम काढली."

खरं सांगतो, मला बरं वाटलं. आवाज एका बाजूला सरकवलेला, घंटी पुसलेली. ही चूक नव्हे, हा खोडसाळपणा, म्हणजे हॉलमध्ये मी बोललो ते कमीच होतं. परत येताना मी आत्याला हे पटवून द्यायला लागलो. आता लिहितानाही त्या बरं वाटण्याची लाज वाटते.

आत्या चालता चालता थांबली. घंटी कुठे ठेवली होतीस, असं तिने विचारलं. मी म्हटलं, मागच्या डाव्या स्पीकरमध्ये, कारण आई त्याच दिशेला बघते.

"फक्त तिथेच? दुसरीकडे कुठे थोडीसुद्धा नाही?"

"फक्त तिथेच."

"मग ती कुणी पुसलेली नाही," आत्या म्हणाली. "चल, मला सहा कप दे."

४

स्टुडिओच्या टेबलावर आत्याने चहाचे सहा कप ओळीने मांडले. वाटांच्या फाइलींना नावं असतात की नंबर, तिने विचारलं. नंबर, मी सांगितलं. एक ते सहा. कुठल्या नंबरात काय आहे ते बरोबरच्या चिठ्ठीवर असतं. रेडिओत आमच्या तारांचंही असंच होतं, ती म्हणाली, आणि दर पावसाळ्यात कुणीतरी बातम्यांच्या जागी तबला लावायचं.

"क्रम एकच असतो का सगळीकडे?"

इथे मी पहिल्यांदा अडखळलो. कारण क्रम दोन आहेत. जुन्या थिएटरच्या पद्धतीत डावा, मधला, उजवा, मग मागचा डावा, मागचा उजवा आणि शेवटी धडधड. नव्या पद्धतीत डावा, उजवा, मधला, चौथी धडधड आणि मग मागचे दोन.

"कप जुन्या क्रमाने भरले आणि वाचणाऱ्याने नव्या क्रमाने वाचले तर?" आत्याने विचारलं.

मी एकेक कप बोटाने दाखवत गेलो आणि प्रत्येक कपागणिक माझा आवाज खाली येत गेला. दुसऱ्या कपात मधला, म्हणजे बाईचं बोलणं. नव्या क्रमात दुसरा म्हणजे उजवा. म्हणून बाई सगळी उजवीकडे गेली, डावीकडे उरलीच नाही. सहाव्या कपात धडधड. दोन वाटांत ओतताना धडधड एरवी सोडूनच देतात, पण नव्या क्रमात सहावा म्हणजे मागचा उजवा, म्हणून ती धडधड थेट बाईच्या डोक्यावर पडली आणि दोघींचा भार त्या एका बाजूला पेलवला नाही. ओततानाच फुटलं, मग नंतर पातळी कितीही खाली आणली तरी काय उपयोग?

चौथ्या कपाशी माझं बोट थांबलं. चौथ्यात मागचा डावा, म्हणजे घंटी. नव्या क्रमात चौथी म्हणजे धडधड, आणि धडधड सोडून देतात.

"घंटी गेली टाकाऊत," आत्या म्हणाली.

तीन गाऱ्हाणी आणि तिन्हींना उत्तर एकच. पोरीने क्रम चुकवला, मी म्हटलं. एवढंच ना, ती खोडसाळ नाही, निष्काळजी आहे. हे बोलताना मी आत्याकडे बघत नव्हतो.

"तिला क्रम कुणी सांगितला?"

"चिठ्ठीवर असतो."

"चिठ्ठी कोण लिहितं?"

माझ्या डेस्कला कुणी हात लावायचा नाही, हा स्टुडिओचा पहिला नियम. फाइली मीच काढतो, चिठ्ठी मीच लिहितो. नऊ वर्षं मी हे ऐटीत सगळ्यांना सांगत आलोय.

"ती चिठ्ठी असेल तिच्याकडेच," मी म्हणालो.

आत्याने कप गोळा केले. "हॉलमध्ये तिने तुला काय दिलं होतं रे?"

माझा कोट दारामागे खुंटीला लटकत होता.

५

आत्या कप विसळायला आत गेली. एकदाही न वापरलेले सहा कप विसळायला तिला बराच वेळ लागला. ती का गेली ते मला कळत होतं.

खिशात चुरगळलेला पिवळा कागद होता. उलगडला. वळणदार अक्षर, माझं. डावा, उजवा, मधला, धडधड, मागचा डावा, मागचा उजवा. नवा क्रम. डेस्कवर जाऊन बघितलं तर तिथे जुना क्रम लावलेला. आदल्या आठवड्यात एका जुन्या थिएटरचं काम केलं होतं, तेव्हा मीच लावला होता आणि बदलायचा विसरलो होतो. हात जुन्या क्रमाने चालला आणि पेन नव्या क्रमाने.

एवढंच असतं तरी मी तोंड वर करून फिरलो असतो. पण चिठ्ठीच्या तळाशी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं: "२ आणि ३ उलटे वाटतात. सरांना विचारणे." आणि त्याखाली: "विचारलं. बरोबर आहे म्हणाले."

मला आठवलं. गुरुवारी ती दारात उभी राहून काहीतरी पुटपुटली होती. मी मान वर न करता म्हणालो होतो, मी लिहिलंय ना, मग बरोबरच आहे, हेडफोन बदलून बघ. शुक्रवारी फाइल तयार झाल्यावर न ऐकता सही केली होती.

माझं अक्षरशः पाणी पाणी झालं. आणि तशा अवस्थेतही माझा हात कागद चिंध्या करायच्या यंत्राकडे गेला. चिठ्ठी नसली तर कुणाला काय कळणार होतं? कागद यंत्रात घातला नाही, पण त्याहून फार बरं काही केलं असंही नाही. क्रम सुधारून वीस मिनिटांत नवी फाइल काढली आणि लावली. आई स्वच्छ बोलली, मान वळवली आणि डावीकडून घंटी वाजली. मग दिग्दर्शकाला फोन करून सांगितलं की यंत्राचा दोष होता, आता ठीक आहे, पुढच्या शनिवारी पुन्हा दाखवू. तो म्हणाला, बरं झालं, आणि त्या मुलीचं काय? बघतो, असं म्हणून मी फोन ठेवला.

आत्या दारात उभी होती, डावा कान माझ्याकडे करून.

"यंत्राला जाऊन सांग मग," ती म्हणाली, "तू त्याला माफ केलंस म्हणून."

६

हळूबाईच्या घराचा जिना मी चढलो तो दोन्ही हातांनी कठडा धरून. दार तिच्या सासूबाईंनी उघडलं. सून आत्ताच दवाखान्यातून आली म्हणाल्या. तिला बरं नाही का, मी विचारलं. तर म्हणाल्या, कान दाखवायला गेली होती, तुम्हीच सांगितलं होतं ना.

ती बाहेर आली. हातात तपासणीचा कागद होता. मी काही बोलायच्या आत तिने तो माझ्यापुढे धरला, सुट्टीचा अर्ज धरावा तसा.

"सर, डाव्या कानात त्या आईंचा आवाज येतच नव्हता मला. तीनदा केलं तरी येईना. चिठ्ठी बरोबर आहे म्हणालात, म्हणजे माझा कानच गेला असणार असं वाटलं. चिठ्ठी तुम्ही परत बघावी म्हणून तिथे आणली होती." ती थांबली. "पण डॉक्टर म्हणतात दोन्ही कान चांगले आहेत. मग सर, माझं काय चुकलं?"

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला त्या दारात कळलं. तिने माझ्यावर आरोप ठेवला असता तर मी भांडलो असतो, भांडता मला येतं. तिने माझ्यावर विश्वास ठेवला होता, आणि तोही स्वतःच्या कानांपेक्षा जास्त.

मी चिठ्ठी तिच्या हातात दिली आणि डेस्कवर कुठला क्रम होता ते सांगितलं. ती चिठ्ठी वाचत राहिली. तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं, पण तिचे डोळे भरून आले आणि ती चिडली. नऊ वर्षांत पहिल्यांदा. तेही हळूच.

संघटनेचं पत्र मी फाडलं आहे, सोमवारपासून ये, दिग्दर्शकाला मी खरं काय ते सांगतो, असं मी घाईघाईने म्हणालो.

"त्यांना एकट्यांना नको," ती म्हणाली. "चाळीस माणसांसमोर बोललात, तर त्यांच्यासमोरच सांगा. मग येण्याचं बघते."

७

पुढच्या शनिवारी तीच माणसं आली. दिग्दर्शकाला मी आधी काही सांगितलं नव्हतं. हळूबाई शेवटच्या रांगेत दाराजवळ बसली होती, म्हणजे निघून जायचं झालं तर सोपं पडावं. आत्या पहिल्या रांगेत उजव्या टोकाला.

सिनेमा सुरू व्हायच्या आधी मी पडद्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिलो. माणसांना शिव्या देताना माझा आवाज सगळ्या हॉलभर पुरतो, तो आता ओठांपर्यंतही येईना. मी कसंबसं म्हणालो की गेल्या वेळी आवाज फाटला आणि घंटी गेली ती माझ्या चुकीने, क्रम मी चुकीचा लिहिला होता, माझ्या सहायिकेने मला विचारलं होतं आणि मी ऐकलं नाही, आणि नंतर यंत्राचा दोष म्हणालो तेही खोटं. सगळं एका दमात, बुटांकडे बघत. कुणाला कितपत ऐकू गेलं देव जाणे. दिग्दर्शक तोंड उघडं टाकून बघत होता. मी खाली बसायला वळलो.

"मोठ्याने बोल रे," पहिल्या रांगेतून आत्या म्हणाली. "मला त्या कानाने ऐकू येत नाही."

सगळे तिच्याकडे वळून बघायला लागले. मीही बघितलं. ती उजव्या टोकाला बसली होती, मी डावीकडे उभा होतो. तिचा चांगला कान नेमका माझ्याच बाजूला होता.

मी पुन्हा पडद्यापाशी गेलो, मान वर केली आणि शेवटच्या रांगेकडे बघून सगळं पहिल्यापासून सांगितलं, मोठ्याने.